झग्याची नाडी

मी चावीवाला. कुलूप कुठलंही आणा, माझ्यापुढे ते फार वेळ तोंड मिटून बसत नाही. शेजारच्या चहावाल्याच्या गल्ल्याची चावी मी कितीदा लपवली आणि कितीदा नवी करून दिली, वर त्याच्याकडूनच आभार मानून घेतले. लोकांना गंडवायचं आणि हसवायचं, हा माझा जोडधंदा. पण हल्ली घरात हसायला माणूसच उरलं नव्हतं.

आमची एकुलती एक लेक टिल्ली सर्जन होतेय. किती वर्षं होतेय, ते मात्र विचारू नका. आधी प्रवेशपरीक्षा. ती हुकली म्हणून पुन्हा प्रवेशपरीक्षा. मग डॉक्टर झाली, आम्ही गल्लीभर मिठाई वाटली, तर म्हणते कशी, "बाबा, ही नुसती डॉक्टर. कापाकापीचं शिक्षण अजून सुरूच व्हायचंय." पुन्हा परीक्षा, दुसरं शहर, मोठं हॉस्पिटल. दरवेळी मला वाटायचं आलं शेवटचं स्टेशन, आणि गाडी आपली नुसती इंजिन बदलायला थांबलेली. तिच्याबरोबर शाळेत असलेल्या पोरी आता मुलांना शाळेत सोडायला जातात.

घरी असताना ती गाठी मारायची. सर्जनला एका हाताने, न बघता गाठ मारता यावी लागते म्हणे. मग काय, काळा दोरा घेऊन बसली की समोर येईल त्याला गाठ. नळाला, कपाटाच्या कडीला, एकदा माझ्या चष्म्याच्या काडीला. तिच्या खुर्चीच्या हाताला तर गाठींची अख्खी वेणी झालीय. टिल्लीची आई ती खुर्ची पुसते, पण वेणीला फडकं लागू देत नाही. मी एकदा गंमत म्हणून कात्री घेऊन नुसता शेजारी उभा राहिलो, तर त्या दिवशी मला फोडणीशिवाय जेवण मिळालं.

त्या रविवारी टिल्ली नक्की येणार होती. हिने खोलीला हवा दिली, उशीला नवा अभ्रा घातला. सकाळी फोन आला. "बाबा, नाही रे जमत. केस आलीय." मागे कोणीतरी तिच्या नावाने ओरडत होतं. फोन बंद.

हिने उशी उचलली. अभ्रा काढला, घडी घातली, कपाटात ठेवला. मग म्हणाली, "अहो, मला फक्त एवढंच कळू दे, ती बारीक झालीय का? फोनवर तोंड दाखव म्हटलं की मास्क आहे म्हणते, नंतर म्हणते. वर्ष होऊन गेलं, मी तिचा चेहरा बघितलेला नाही."

"मी बघून येतो."

"मागे गेला होतात की. खाली बाकावर बसून डबा तसाच परत आणलात."

"तेव्हा मी नातेवाईक म्हणून गेलो होतो. नातेवाइकाला भेटायला तिला वेळ नाही. पेशंटला कशी नाही भेटत, तेच बघतो!"

"काहीतरी अंगाशी आणाल."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी हॉस्पिटलात हजर. अपेंडिक्सचा धडा मला तोंडपाठ होता. टिल्ली घडाघडा म्हणायची आणि मी पुस्तक धरून बसायचो ना! आधी बेंबीपाशी दुखतं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. भूक मरते, मळमळतं. आणि दाबताना दुखतं त्याहून दाबलेला हात सोडताना जास्त कळ येते. कमरेत वाकून, एक पाय ओढत मी असा काही शिरलो की दारावरचा पहारेकरी स्वतःच "आई गं" म्हणाला.

तपासणारा डॉक्टर कोवळा होता. त्याने पोट दाबलं, मी कण्हलो. त्याने हात सोडला, मी किंचाळलो. पोराचा चेहरा उजळला. "अगदी पुस्तकातली केस!"

मनात म्हटलं, बाळा, पुस्तकातलीच आहे.

पण पुढे गाडी माझ्या हातात राहिली नाही. रक्त काढलं. पाणी बंद केलं. माझे कपडे काढून घेतले आणि मागून उघडा, नाडीवाला झगा चढवला. मी सिस्टरला हळूच विचारलं, "त्या टिल्ली... म्हणजे त्या मॅडम कुठायत?"

"ऑपरेशनला उभ्या आहेत. तुम्हीही जाल हो आत, घाबरू नका."

तेवढ्यात वस्तरा घेऊन एक जण आला. "काका, पोट साफ करून घेऊ."

"कशाला?"

"मोठ्या सरांनी हो म्हटलं की लगेच उचलायचं तुम्हाला."

तेव्हा मात्र मला खरंच मळमळलं.

मोठे सर आले. वॉर्डातली कुजबूज एकदम थांबली. सरांच्या मागे डॉक्टरांचं शेपूट, आणि शेपटाच्या टोकाला हिरवी टोपी, हिरवा मास्क. मध्ये फक्त डोळे. मला बघून ते डोळे एकदाच मोठे झाले, मग पुन्हा होते तसे.

"तुम्ही बघा," सर तिला म्हणाले.

ती आली. पोटावर हात ठेवला. काय गार हात! मी यथासांग ओरडलो. मग तिने कानाला नळ्या लावल्या. "बोलू नका. आतडी ऐकतेय," म्हणाली, आणि पोटावर नळीची चकती ठेवून माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं, एक डोळा लाल. मी बघत बसलो. बघता बघता लक्षात आलं, चकती चांगली खोल रुतलीय, आणि मी ओरडायचं साफ विसरलोय.

इकडे बघ म्हणायचं आणि तिकडून नाणं पळवायचं. ही युक्ती मीच तिला शिकवली होती, ती फ्रॉक घालायची तेव्हा.

"निदान?" सरांनी विचारलं.

ती सरळ उभी राहिली. "सर, हे माझे बाबा आहेत."

"हे निदान आहे?"

"हो, सर."

शेपटात कोणीतरी खोकलं. सरांनी माझ्याकडे, मग माझ्या उघड्या पायांकडे बघितलं. "मग सावकाश तपासा," म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

तिने मला दंडाला धरून शेजारच्या पट्ट्या बदलायच्या खोलीत नेलं, बाकावर बसवलं आणि सुरू झाली. "बाबा, अक्कल आहे का तुला? बाहेर ट्रॉलीवर एक म्हातारा सकाळपासून पडलाय, पलंग नाही म्हणून. आणि तू पलंग अडवून नाटकं करतोस? उद्या पोट फाडलं असतं तुझं!"

"तू फाडलं असतंस तर चाललं असतं."

"हसू नको!"

"नाही हसत. पलंग सोडलाय ना आता? त्या म्हाताऱ्याला घ्या म्हणावं."

"घेतलाय," म्हणाली, आणि धप्पकन माझ्या शेजारी बसली. डोक्यावरची टोपी मागे सरकवली. मग, "आई कशी आहे?"

"अभ्र्यांच्या घड्या घालते."

झग्याच्या नाडीची दोन्ही टोकं तिच्या हाताशी लोंबत होती. तिची बोटं त्यांच्यावर चालायला लागली. बघतही नव्हती. एक गाठ, तिच्यावर दुसरी.

"बाबा, सर परवा म्हणाले, तुझा हात चांगला आहे. अजून तीन वर्षं माझ्याकडे राहा." गाठ. "मी अजून हो म्हटलेलं नाही." गाठ. "आईला काय सांगू?"

घरी ये, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण ती बोटं इतकी सुरेख चालत होती! "हो म्हण," मी म्हणालो. "आईचं मी बघतो. तू आधी तो मास्क काढ, तोंड दाखव. तेवढ्यासाठी आलोय."

"हो, काढते," म्हणाली. आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं.

झोपली.

मास्क माझ्या हनुवटीपाशी होता. एका बोटाने खाली ओढला असता की झालं. जन्मात मी अशी संधी सोडलेली नाही. पण मास्क ओढला असता तर ती उठली असती. मी हात मांडीखाली घालून बसलो. खांद्याला मुंग्या आल्या, येऊ दिल्या.

दार उघडून सिस्टर म्हणाली, "मॅडम, आत बोलावलंय." टिल्ली ताडकन उठली, माझा गाल दाबला आणि धावली. मास्क तसाच.

झगा काही निघेना. कुलपं उघडण्यात आयुष्य गेलं माझं, पण ती गाठ सुटेना. शेवटी सिस्टरने नाडी कापली. तो तुकडा मी खिशात घातला.

घरी ही दारातच उभी होती. "बघितलात चेहरा? बारीक झालीय?"

"नाही बघता आला," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. तीन वर्षांचंही सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली. मी खिशातून नाडी काढून तिच्या हातात ठेवली. ती एकेका गाठीवरून बोट फिरवत गेली.

"या शेवटच्या दोन सैल आहेत."

"तेव्हा झोप लागली तिला."

तिने नाडी खुर्चीच्या हाताला, वेणीच्या शेजारी अडकवली.

"त्या सैल गाठी ओढून घट्ट करू का?" मी विचारलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "आली की तीच करेल."