पाद्री ओलिंतोंचा धोंडा

जीवाश्मांवर डॉक्टरेट केलेल्या एर्सिलियाला त्या शिंपल्याला नाव द्यायला सात वर्षं लागली. त्यातली दोन तर नुसती त्याच्या दोन शिंपा जोडणारी बिजागरी दगडातून मोकळी करण्यात गेली. दगडाचा कण न् कण सुईने उकरायचा, आणि हात जरा चळला की केलंसवरलं पाण्यात. दीड कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळातून वायू झिरपायचा आणि त्याच्या जोरावर हे मुठीएवढे शिंपले पोसायचे. आता तो तळ अपेनाइनच्या डोंगरात वर आला आहे, आणि शिंपल्यांनी गच्च भरलेला, बैलगाडीएवढा एक धोंडा चिकणमातीच्या उतारावर बसला आहे. १९६१ साली तो पहिल्यांदा हेरला गावच्या पाद्री ओलिंतोंनी. म्हणून नव्या जातीला नाव त्यांचंच.

नवी जात सांगायची तर ती नेमकी कुठे सापडली हे बिनचूक सांगावं लागतं. पाद्रीबाबांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: चॅपेलच्या कोपऱ्यापासून वर ऐंशी मीटर, घंटेच्या दोरीने मोजून. गेल्या ऑक्टोबरात एर्सिलियाने फितीने मोजलं, तर एकसष्ट भरले. घंटेची दोरी म्हटल्यावर काय व्हायचं, असं म्हणून ती हसली. चॅपेलला लागूनच सेकोंदो गार्देल्लीचं घर. बायको गेल्यापासून तो एकटा राहतो. तोही पोट धरून हसला. पाद्रीबाबांनी वेदीवरच्या मेणबत्त्या दोनदा मोजल्या तर दोन आकडे यायचे, म्हणाला. एर्सिलियाने आपल्या शोधनिबंधात वाक्य घातलं की चिठ्ठीवरचं अंतर चुकीचं आहे. दुसऱ्याची चूक काढताना शिकलेल्या माणसाला फार बरं वाटतं, तसं तिलाही वाटलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी छापील निबंध घेऊन ती वर आली. सेकोंदो उताराकडच्या खोलीत मुलगा, सून आणि दोन नातवंडांची अंथरुणं घालत होता. ती मंडळी संध्याकाळी यायची होती. धोंड्याशेजारी पाटी लावायची होती, म्हणून एर्सिलियाने अंतर पुन्हा एकदा मोजलं. चौपन्न भरलं.

फीत झुडपात अडकली असेल, म्हणून तिने पुन्हा मोजलं. चौपन्नच. चॅपेल आणि घर खडकावर होतं, ते जागचं हलणार नव्हतं. म्हणजे पाद्रीबाबांची दोरी बरोबर होती. ऑक्टोबरपर्यंतच्या साठ वर्षांत धोंडा एकोणीस मीटर खाली आला होता, आणि या एका हिवाळ्यात सात. धोंडा एकटा येत नाही, त्याच्या बुडाखालचा सगळा उतार येतो. सेकोंदोने गाई विकल्यापासून वर कोणी फिरकत नव्हतं, मग दिसणार कुणाला?

तिने सांगितलं, तर त्याने तिला वेड्यातच काढलं. तेव्हा तिने फितीचं टोक त्याला धरायला लावलं आणि आकडा वाचला. आता चौपन्नला वीतभर कमी. मग तो स्वतः वर चढला, चष्मा लावून त्याने आकडा पाहिला, आणि खाली येऊन पायरीवर बसला.

"डिसेंबरात झऱ्याला गढूळ पाणी यायला लागलं," तो म्हणाला. "मीच नगरपालिकेच्या कचेरीतल्या माणसाला बोलावलं. तो म्हणे, माती सरकत असेल. मी म्हटलं, छे हो, डॉक्टरीणबाईंनी मोजलंय, पाद्रीच चुकला होता. त्यालाही बरं वाटलं. वाइन घेतली आणि गेला."

"चूक माझी होती, सेकोंदो."

"तुम्ही शिकलेल्या. मी तुमच्यावर भरवसा ठेवला."

त्याने आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तिला ते फार लागलं.

त्याने मुलाला फोन लावला. येऊ नका म्हटल्यावर मुलगा हसला. पाद्रीबाबांचं मोजमाप आता त्यांच्या घरचा नेहमीचा विनोद झाला होता.

"हसू नकोस," सेकोंदो म्हणाला. "पाद्रीबाबांचं बरोबर होतं, बाईंचं चुकलं. पोरांना घेऊन मागे फिर."

मग तो कोट घालून एर्सिलियाच्या गाडीत बसला.

"ते वाक्य खोडता येईल ना?" त्याने विचारलं.

खोडता येत नाही. एकदा छापलं की ते नाव आणि खालचं वर्णन कायमचं असतं. फार तर त्यावर दुसरा निबंध लिहायचा, आणि तो कुणी वाचला तर वाचला. शंभर वर्षांनी हा शिंपला कुणाच्या हाती लागेल तेव्हा पाद्री ओलिंतोंच्या नावाखाली त्यांची न झालेली चूक असेलच. एर्सिलियाने किल्ली फिरवली. वर उतारावर ओकच्या झाडांची मुळं एकामागून एक तुटत होती, आणि सेकोंदो अजून तिच्या उत्तराची वाट पाहत होता.