नवा रस्ता होईपर्यंत

राहेलने इंजिनियर साहेबापुढे ग्लास असा आदळला की अर्धा चहा टेबलावर सांडला.

"राहेलबाय, जरा दमानं," तिच्यासारखाच भारतातून आलेला शेजारचा सामाजी, साहेबाला कळू नये म्हणून मराठीत पुटपुटला. "एवढंच सांग, घाट चांगला आहे. हा रस्ता चालला तर तुझं कँटीन चालेल, नि आपलं गावही."

सामाजीचं काही खोटं नव्हतं. तेल अविवहून आलेला इंजिनियर हिलेल एकच विचारत फिरत होता: एलात बंदराला जायला हाच घाट रुंद करायचा, की खाली अरावा खोऱ्याच्या सपाटीवरून नवा रस्ता काढायचा? नवा झाला की घाटमाथ्यावरच्या या मित्स्पे रामोन गावाला कुत्रंही विचारणार नव्हतं. ट्रकवाले थांबत, म्हणून तर इथल्या चुली पेटत होत्या. आणि सगळ्या ड्रायव्हरांची ऊठबस राहेलकडे, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन. पण याच घाटात तिच्या नवऱ्याचा, इमॅन्युएलचा ट्रक दरीत गेला होता. वळणाला धड कठडा नव्हता, अजूनही नाही. आता तिथूनच तिचा मुलगा एरन रोज ट्रक हाकत होता.

"तुमचं काय मत, गेव्हेरेत?" हिलेलने हिब्रूत, 'बाईसाहेब' म्हणावं तशा अदबीने विचारलं.

राहेलने पदराला हात पुसले आणि ती मोडक्या हिब्रूत, पण ठणकावून म्हणाली, "नवरा इथंच गेला. आता पोरगा जातो-येतो. मला गिऱ्हाईक नको, साहेब. खालचा रस्ता करा."

सामाजी खुर्ची मागे सारून निघून गेला. जाऊ दे मेला, तिला वाटलं. पोरगाच नसेल तर गाव काय चाटायचंय? कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं.

हिलेल उठला. "वरच्या साहेबांनाही मी हेच सांगेन. नवा रस्ताच हवा."

"आणि वळणावर कठडे कधी बसवणार?"

"कुठल्या वळणावर?"

"या घाटातल्या."

हिलेल घुटमळला. "दोन्हीकडे खर्च कोण करणार, गेव्हेरेत? नवा ठरला की जुन्याला सिमेंटची एक पिशवीही मिळायची नाही."

"नवा कधी व्हायचा?"

"तीन वर्षं. चारही लागतील."

बाहेर हॉर्न वाजला. एरनने केबिनमधून हात हलवून आईचा निरोप घेतला.

"लेहित्राओत, इमा!"

"एरन, थांब! अरे, थांब जरा!"

ती दारापर्यंत पोचली तेव्हा ट्रक उताराला लागला होता.