बाबुरावांची पुडी

बुधवार पेठेतल्या दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडर असलेले बाबुराव म्हणजे अर्धे डॉक्टर, असं लोक म्हणत. उरलेला अर्धा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही.

त्यांच्या बायकोच्या, विमलाबाईंच्या मूत्रपिंडात खडा निघाला. ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी लघवीची तपासणी. जंतू सापडले तर आधी औषध, आणि तारीख पुढे. मुलगी आम्रपाली खराडीच्या कंपनीत, तिला रजा मिळाली ती नेमकी त्याच आठवड्याची. विमलाबाईंना तर लघवीला जळजळ होतच होती. आणि बाबुरावांची जित्याची खोड, दुसरं काय! नमुना द्यायच्या आधी दोन दिवस बाबुरावांनी आपली नेहमीची गोळी पुडीत बांधून दिली. रिपोर्ट स्वच्छ आला.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. "जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून हे आधी द्यायचं. रिपोर्ट साफ आहे, म्हणून नेहमीचंच. पंधरा दिवसांत अँटिबायोटिकची गोळी घेतली होती?"

"ह्यांना विचारा," विमलाबाई म्हणाल्या. "हे देतात ते मी घेते. नाव विचारत नाही."

सिस्टर बाबुरावांकडे वळली. गप्प बसलं की तारीखही राहत होती आणि अब्रूही. पण जंतू दबून बसले असतील तर खडा फोडताना ते रक्तात उतरणार. असा एक माणूस तापाने फणफणून गेलेला त्यांनी पाहिला होता.

"मी दिली होती," ते म्हणाले. "तपासणीच्या आधी."

डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जड गेलं. ऑपरेशन रद्द झालं.

"पप्पा, माझ्या रजेसाठी आईला पणाला लावलंत?" आम्रपालीने विचारलं.

काही दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. जंतू निघाले. खाली औषधांची यादी होती, कुठलं लागू पडेल, कुठलं नाही. बाबुरावांनी चष्मा पुसून आपली गोळी शोधली. तिच्यापुढे लिहिलं होतं, लागू नाही. सर्दी असो, ताप असो, त्यांनी हीच गोळी अर्ध्या पेठेला वाटली होती. घरात तर विचारायलाच नको; जंतू तिला सरावले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"अहो, काय म्हणतोय रिपोर्ट?"

"माझी गोळी आता तुला चालत नाही."

"मग दुसरी द्या की," विमलाबाई म्हणाल्या, आणि नेहमीसारखा तळहात पुढे केला.

बाबुरावांनी तो रिकामाच हातात धरला. "आता डॉक्टरच देतील," ते म्हणाले. "आणि नाव विचारून घे."