मधला निकाल

"तिन्ही कशाला पाठवताय, बाबा? हे काय तुमचं गोदाम आहे?"

मुलीनं खुर्ची ओढली, शेजारी बसली आणि माझ्या हातातला माउस काढून घेतला. मी वजनकाटे तपासतो. दुकानात, गोदामात, दवाखान्यात जातो, काट्यावर तेच वजन तीनदा ठेवतो आणि तिन्ही आकडे वहीत लिहितो. पटला नाही म्हणून एखादा गाळायचा नाही. त्याच सवयीनं मी कॉलेजच्या फॉर्मवर तिच्या प्रवेश परीक्षेच्या तिन्ही निकालांपुढे खुणा करून बसलो होतो. तीस वर्षांची खोड, जाते कुठे!

"कुठला पाठवायचा ते आपण ठरवायचं असतं," ती म्हणाली. "एकच पाठवला तरी चालतो."

"मग मधला पाठव. बाकीची झाकली मूठ."

"मधला सोडून." तिनं त्याच्यापुढची खूण काढूनही टाकली.

मधला निकाल सगळ्यात चांगला होता. तेवढा एक पाठवला तर प्रवेश नक्की. पहिला आणि तिसरा अगदीच बेताचे, त्यांच्या जोरावर ते कॉलेज दारातही उभं करणार नव्हतं. तिच्या बाईंनी हे दोनदा समजावलं होतं. मुदत आज पाच वाजेपर्यंत होती आणि चार केव्हाच वाजून गेले होते.

मधली परीक्षा तिनं दिली, त्या दिवशी तिची आई गेली.

आई हॉस्पिटलात होती, तिच्यापाशी मुलीची मावशी होती. मी मुलीला परीक्षेला सोडून फाटकाबाहेर उभा होतो, तिथं मावशीचा फोन आला. तिला बाहेर बोलावता आलं असतं. पहारेकऱ्यानं माझं तोंड बघून विचारलंही, "काय झालं साहेब?" मी म्हटलं, काही नाही. दोन तास तसाच उभा राहिलो. ती हसत बाहेर आली. पेपर सोपा होता म्हणाली, तहान लागलीय म्हणाली. मी तिला सरबत पाजलं. ग्लास रिकामा झाल्यावर सांगितलं.

त्याला सात महिने झाले. आमचं भांडण असं काही नाही. ती भाजी चिरते, मी भांडी घासतो, दोघं वेळेवर जेवतो. मला खूप वाईट वाटायला हवं, हे मला कळतं. पण आत काही हलतच नाही. लोक म्हणतात, काटेवाले खंबीर आहेत. खंबीर कसला, डोंबल!

"अगं, तो निकाल काय खोटा आहे? पेपर तूच लिहिलास ना?"

"ती मी नव्हते. मला काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर एक ओळ लिहिली नसती."

"म्हणूनच तर सांगितलं नाही."

"मोठे उपकार केलेत!"

मी घड्याळाकडे पाहिलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "खरं सांगा. आई म्हणाली होती का तसं? पेपर होईपर्यंत मला काही सांगू नका, म्हणून?"

विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला 'हो' हवं होतं, एवढं मला कळलं. एकदा 'हो' म्हटलं की ती मधला निकाल पाठवणार, तिचं मार्गी लागणार, आणि मीही सुटणार. मावशीनं मला तेच शिकवून ठेवलं होतं. "सांगून टाका तसं. गेलेलं माणूस नाही म्हणायला येतंय थोडंच!" ते 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "उलट सकाळी तिनं तुझी चौकशी केली. कुठाय, म्हणाली. मावशीनं सांगितलं, परीक्षेला गेलीय. मग ती काही बोलली नाही. तुला न सांगायचं मी ठरवलं. मी एकट्यानं. ना मावशीला विचारलं, ना तुला."

शेजारच्या घरात कुणीतरी बादलीत पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. आता ती रडेल, असं मला वाटलं. रडली नाही. तिनं पहिल्या आणि तिसऱ्या निकालापुढच्या खुणा काढल्या, मधल्यापुढं खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

"पाठवला," ती म्हणाली. "खरं बोललात म्हणून. पण मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"आई नक्की किती वाजता गेली?"

सात महिन्यांत हे तिनं कधीच विचारलं नव्हतं.

"दहा वाजून दहा मिनिटांनी."

पेपर कधी सुरू झाला, कुठला भाग किती मिनिटांचा, असं ती बोटांवर मोजत राहिली.

"म्हणजे मी गणितात होते," ती म्हणाली आणि पडद्यावर तो रकाना शोधून काढला. "पैकीच्या पैकी आहेत, बाबा. एकसुद्धा चुकलं नाही."