मुठीतला अंगठा

"आमचा साक्षीदार सोमवारी हजर होतोय," असं म्हणत तिने फाइल बाकावर ठेवली आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा हळूच मुठीत गेला.

त्याने तो जाताना पाहिला. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यात त्या वेळी माणसांची ही गर्दी होती. कुणी आपला वकील शोधत होतं, कुणी भिंतीला टेकून डबा खात होतं, एक बाई पुन्हा पुन्हा त्याच खोलीत डोकावून परत येत होती. एका वकीलबाईंच्या अंगठ्याचं काय चाललंय याच्याशी त्यांतल्या कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

"कोण साक्षीदार?" त्याने विचारलं.

"यांच्या वडिलांचा ड्रायव्हर." तिने त्याच्या अशिलाकडे, म्हणजे घरमालकाकडे, मान वळवली. "वडिलांनी मावशींना शब्द दिला तेव्हा तो तिथेच उभा होता. तो सगळं सांगेल. त्यापेक्षा आत्ताच मिटवू या. दोन वर्षं राहू द्या त्यांना. मग त्या आपण होऊन जागा सोडतील, तसं लिहून देतील."

घरमालकाने रुमालाने मान पुसली. माणूस तसा वाईट नव्हता. मुलगी दातांची डॉक्टर झाली होती आणि तिला दवाखान्यासाठी तळमजला हवा होता, एवढंच. त्या तळमजल्यावर मावशी कित्येक वर्षं पाळणाघर चालवत होत्या. 'तुम्ही आहात तोवर तुम्हाला इथून कुणी उठवणार नाही,' असं घरमालकाच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, पण ते तोंडी. वडील गेले आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही गेला.

घरमालकाने त्याला जरा बाजूला घेतलं.

"साहेब, काय करू? बापाचा शब्द मोडला म्हणून चार लोकांत शोभा व्हायची. दोन वर्षं काय, बघता बघता जातील."

त्याने मान वळवली. पलीकडे बाकावर मावशी बसल्या होत्या. शेजारी कुणाचंतरी पोर नाक ओढत होतं, त्याचं नाक त्या आपल्या रुमालाने पुसत होत्या. पोराची आई कोण, हे त्यांनी विचारलंही नसावं.

"थांबा," तो म्हणाला. "सोमवार बघू."

एवढेच तीन शब्द. तेही हळू आवाजात, नेहमीच्या धंदेवाईक सुरात.

*

कोर्टात त्याला आणि तिला सगळे 'वादी-प्रतिवादी' म्हणत. हे नाव कँटीनवाल्याने पाडलं होतं. 'वादी आलेत, प्रतिवादी यायचेत, चहा एक की दोन?' असं तो भर कँटीनमध्ये ओरडून विचारायचा आणि मोठमोठे वकील गालातल्या गालात हसायचे. दोघं एका घरात राहतात हे लपून राहिलेलं नव्हतं आणि त्यांनी लपवलंही नव्हतं. पाळणाघराची केस योगायोगाने दोघांकडे दोन बाजूंनी आली तेव्हा त्यांनी आपापल्या अशिलाला खरं काय ते सांगितलं, दोघांकडून हरकत नसल्याचं लिहून घेतलं. घरमालक तर म्हणाला होता, "बरंच झालं की! तुमचं घरात जमतंय म्हणजे आमचंही लवकर मिटेल."

लग्न मात्र त्यांनी निकालापर्यंत पुढे ढकललं होतं. केस चालू असताना लग्न केलं तर उगाच लोकांच्या तोंडी विषय. निकाल लागला की पुढच्याच आठवड्यात नोंदणी करायची, असं ठरलं होतं.

आणि घरात एक नियम होता. कोर्टाच्या बॅगा आत आणायच्या नाहीत. दाराशी चपलांचं कपाट होतं, त्याच्या वरच्या खणात दोघांच्या बॅगा शेजारी शेजारी बसत. ती आंघोळीला गेलेली असताना, ती झोपलेली असताना, ती माहेरी गेलेली असतानासुद्धा त्याने तिच्या बॅगेला कधी बोट लावलं नाही. या बाबतीत तो अगदी सोवळा होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

अंगठ्याची गोष्ट मात्र बॅगेच्या फार आधीची.

तेव्हा ती दोघं नवी नवी होती, काळे कोट अजून अंगावर बसायचे होते. कोर्टाच्या लायब्ररीच्या जिन्यात त्याने धीर करून तिला विचारलं होतं, "तुला मी आवडतो का गं थोडाफार?"

"अजिबात नाही," ती म्हणाली होती. आणि खाली बघत असलेल्या त्याला तिचा हात दिसला. लहान मूल खाऊ लपवतं तसा अंगठा चार बोटांच्या आत शिरला होता. पुढे चारच दिवसांत तिने आपलं 'नाही' मागे घेतलं, आणि त्याला पहिल्यांदा शंका आली.

मग त्याला तो छंदच लागला. त्याने केलेली करपलेली भाजी खाताना ती म्हणायची, "छान झालीय की!" आणि अंगठा आत. आईशी फोनवर बोलताना, "हो गं, वेळेवर जेवतो आम्ही," अंगठा आत. "मी मुळीच दमलेली नाहीये," अंगठा आत. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. त्याने कधी सांगितलं नाही. सांगितलं की ते थांबणार, हे त्याला कळत होतं. तिच्या आईलाही ठाऊक नसलेलं असं काहीतरी तिच्याबद्दल आपल्याला ठाऊक आहे, या एका गोष्टीवर तो मनातल्या मनात श्रीमंत होता.

*

सोमवारी ड्रायव्हर आला नाही.

तिने पुढची तारीख मागितली. न्यायाधीशांनी आधीच दोनदा दिली होती, आता दिली नाही. मग ती साक्षीदाराशिवाय बोलली, आणि चांगलं बोलली, पण हातात काही नसताना माणूस किती बोलणार? तो उठला, लागतील तेवढीच वाक्यं बोलला आणि खाली बसला. शाळांना सुट्टी लागेपर्यंत मावशींनी जागा रिकामी करावी, असा निकाल झाला.

बाहेर घरमालक त्याचा हात सोडेना. "साहेब, तुम्ही म्हणालात थांबा, म्हणून वाचलो. कसं ओळखलंत हो?"

हे तिने ऐकलं. ती मावशींना आधार देऊन जिना उतरवत होती. तिची पावलं एक क्षण थांबली, मग तिने मावशींचा हात पुन्हा नीट धरला.

त्या संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"आपण व्हरांड्यात बोललो, त्याच्या आदल्या दिवशीच ड्रायव्हर फिरला होता," ती म्हणाली. "त्याच्याच मुलाने दम दिला त्याला, कोर्टाच्या भानगडीत पडू नका म्हणून. मला वाटलं होतं, मिटेल. तुझा माणूस मिटवायला तयारही झाला होता. दिसत होतं त्याच्या तोंडावर."

त्याने पुढची शेंग मोडली.

"तुला कसं कळलं?"

अंदाज होता, असं तो सहज म्हणू शकला असता. रोज कोर्टात त्याहून मोठी थाप तो डोळ्याची पापणी न हलवता मारत होता. पण घरात खोटं बोलायचं नाही, असं त्याने ठरवलेलं होतं. शिवाय सांगताना त्याच्या आवाजात किंचित फुशारकीही होती, आणि ती त्याला पुढे फार लागली.

"तुझा अंगठा," तो म्हणाला. "खोटं बोललीस की तो मुठीत जातो. पहिल्या दिवसापासून. लायब्ररीच्या जिन्यात सुद्धा गेला होता."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा केला, सुलटा केला. बोटांना मटारचा हिरवा रंग लागला होता.

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर गेलं असतं ते. मला आवडायचं."

"आवडायचं म्हणून जपून ठेवलंस," ती म्हणाली, "आणि मग व्हरांड्यात काढलंस."

"माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? तो माझा अशील आहे. दिसत असून मी डोळे मिटायचे?" त्याचा आवाज चढला. "तुझ्या बॅगेला मी आजवर हात लावलेला नाही."

"बॅग उघडली असतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली. "बॅग अशिलाची होती. अंगठा माझा होता."

मग तिने सोललेले दाणे डब्यात भरले, झाकण लावलं, टरफलं गोळा केली आणि ओटा पुसला. एकही भांडं आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

*

मावशींनी जागा सोडली त्या दिवशी ती मदतीला गेली होती. परत आली तेव्हा तिच्या बाहीला भिंतीचा चुना लागला होता. पाळण्यांचं काय झालं, मावशी कुठे गेल्या, हे त्याला विचारायचं होतं. पण तो विषय कोणत्या तोंडाने काढणार?

भांडण असं पुन्हा झालंच नाही. ती बोलायची, हसायची, त्याचा कोट इस्त्रीला टाकायची. फक्त बोलताना तिचे हात दिसेनासे झाले. घरात ती खिसेवालं जाकीट घालू लागली. जेवताना डावा हात टेबलाखाली असायचा. "दमलीस का?" विचारलं तर "नाही" म्हणायची, आणि ते खरं की खोटं हे त्याला समजायचं नाही. आजवर तिच्या चेहऱ्याकडे पाहून काही ओळखायची वेळच त्याच्यावर आली नव्हती. अंगठा होता ना! आता तिच्या तोंडाकडे पाहिलं की वाटायचं, परक्या भाषेतलं पत्र हातात आलंय.

नोंदणीच्या तारखेबद्दल त्याने एकदा खडा टाकून पाहिला. "बघू," ती म्हणाली. वकिलाच्या तोंडी 'बघू' आलं की त्याचा अर्थ काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे तिला दुसऱ्या शहरात काम मिळालं. सामान तिने आधीच हलवलं होतं. शेवटच्या दिवशी एक बॅग राहिली होती, तीही चपलांच्या कपाटाच्या वरच्या खणातली. तो दुपारीच कोर्टातून परत आला. कँटीनवाल्याने विचारलं होतं, "वादी एकटेच? चहा एकच?" आणि तो चहा न घेताच निघाला होता.

ती दारात उभी होती. कोट घातलेला, दोन्ही हात खिशात.

येताना त्याने बरंच काही जुळवलं होतं. मुद्दे, उपमुद्दे, शेवटी विनंती. ते सगळं दारातच विसरलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "कोर्टात चुकलं असं अजूनही म्हणवत नाही. पण तुझ्या बाबतीत चुकलं."

"माहितेय मला."

"तुला थांबावंसं वाटतंय का? थोडंफार तरी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली.

मग डावा हात खिशातून काढून तिने पुढे केला. मूठ मिटलेली होती. बघायचं नाही, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं. निदान आज तरी नाही, निदान एवढी शिक्षा आपण भोगायची. म्हणून तो तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिला आणि त्याने नुसता तळवा पसरला. हातात काहीतरी गार पडलं तेव्हाच त्याची नजर चुकून खाली गेली. तिची मूठ उघडत होती. चारही बोटं आधी सुटली आणि आतून सगळ्यांत शेवटी अंगठा बाहेर आला.

"येते," ती म्हणाली.

"ये," तो म्हणाला.

जिन्यावर तिची पावलं वाजली, खालचं दार वाजलं. तो तिथेच, चपलांच्या कपाटापाशी उभा होता. वरच्या खणात आता त्याची एकट्याची बॅग होती.

थोड्या वेळाने त्याने घराची ती किल्ली आपल्या डाव्या हातात घेतली आणि मूठ मिटली. अंगठा बाहेर राहिला. त्याने मूठ उघडली, पुन्हा मिटली, या वेळी अंगठा आत घेऊन. किल्ली दोन्ही वेळा नीट बसत होती. खिडकीखाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी तो पुन्हा पुन्हा मूठ मिटून बघत होता.