साबण न लागलेलं भांडं

"कॉफीच्या भांड्याला साबण लावायचा नाही!" या घरात आले त्याच दिवशी हा नियम माझ्या कानावर पडला. का, ते विचारायचं नाही, हेही लगेच सांगून झालं.

मी साइमी आजींच्या ओट्यावरची कॉफी मशीन बोलतेय. एक बटण, एक काचेचं भांडं आणि खाली गरम तबकडी, एवढाच माझा संसार.

मला निवडलं हेतानं, आजींच्या नातीनं. दुकानात तिच्या ओइवा काकांचा जीव दूध फेसाळणाऱ्या, चकचकीत स्क्रीन असलेल्या मशीनवर जडला होता.

"दूध कोण फेसाळणार, काका? तुम्ही?" हेता म्हणाली. "आपल्याकडे दिवसभर साधी कॉफीच लागते. जिच्यात बिघडण्यासारखं कमी, ती घ्या."

तिनं माझं झाकण उघडून पाहिलं, पाणी ओतताना सांडेल का ते पाहिलं, भांडं फुटलं तर सुटं मिळतं का तेही विचारलं. इतकं पारखून कुणी निवडलं की कुणालाही अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटेल!

पण घरी आल्यावर नियम आडवा आला. फिनलंडच्या या सरोवराकाठी पूर्वी कॉफी उकळायची ती काळ्या किटलीत, शेकोटीवर. आतला थर म्हणजेच चव, असं आजींच्या आई म्हणायच्या. म्हणत असतील! माझं भांडं काचेचं आहे हो. काचेत कसली चव मुरणार? रोज थंड पाण्यानं नुसतं विसळून ते उपडं घालायचे. महिन्याभरात आतून तपकिरी, तेलकट पापुद्रा चढला. मी वरून चांगली कॉफी गाळायची आणि खाली भांड्यात ती कडू व्हायची.

बरं, तोंडावर कुणी बोलेल तर शपथ! इथे कॉफीला नाव ठेवणं म्हणजे घराला नाव ठेवणं. पाहुणे दुसरा कपही घेत, त्यात दूध ओतओतून वेलचीच्या गोड पावाबरोबर तो कसाबसा घशाखाली ढकलत, आणि अंगणात गेल्यावर बोलत.

मग खापर माझ्यावर. "हलकी मशीन," काका म्हणाले. हेता तेव्हा दूर ओउलू शहरात शिकत होती. सुट्टीत आली की ती भांडं धुवायला घ्यायची आणि आजी ते हातातून काढून घ्यायच्या. तिच्या लेम्पी आत्या तर टपलेल्याच. "विद्यापीठात जाऊन काय शिकली? साधी मशीन निवडता येत नाही, उद्या नवरा काय निवडणार!"

लोकहो, मशीन घेताना दुकानदाराला शंभर प्रश्न विचारता. घरी आणल्यावर तिच्या भांड्यात एकदा डोकावून तरी बघा!

आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आत्यांनी भलंमोठं खोकं आणलं. त्यात तीच स्क्रीनवाली मशीन होती. माझी वायर गुंडाळून मला ओल्या बुटांशेजारी ओसरीत ठेवलं. संध्याकाळी भंगारात जायचं होतं. इतकी वर्षं राबले त्याचं हे फळ!

बसमधून उतरून हेता आली, ती मला पाहून थबकली. तिनं मला काखोटीला मारलं, थेट मोरीपाशी नेलं आणि भांड्यात साबण ओतला. तपकिरी पाणी वाहायला लागलं.

"हेता!" आजी ओरडल्या. "तुझ्या पणजीनं जन्मात असं केलं नाही!"

"पणजीकडे मशीन नव्हती, आजी."

तिनं मला ओट्यावर बसवून कॉफी केली. सगळ्यांना ओतली. काकांनी सवयीनं दुधाकडे हात नेला, पण आधी एक घोट घेतला आणि हात तसाच मागे आणला. कप रिकामा करून त्यांनी पुन्हा पुढे केला. हेतानं पुन्हा भांडंभर कॉफी लावली.

"बरं, आज धुतलंस, झालं," आत्या म्हणाल्या. "आता नवी लावू. आणि तिला तरी साबण दाखवू नकोस. घरची रीत आहे."

"नाही, आत्या. ते खोकं तुझ्या गाडीतून परत जाईल. ही इथेच राहील, आणि तिचं भांडं रोज साबणानं धुतलं जाईल. चूक तुमची आणि भंगारात जायचं हिनं, हे मला मान्य नाही."

आत्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी कपात पाहिलं. मग तो रिकामा करून हेतापुढे सरकवला. मी थेंब थेंब गाळत राहिले.