तोदेरोची होडी उजवीकडे कलते

“तळाला रंधा कुणी मारला, तेवढंच सांग,” तोदेरो म्हणाला. “मी चिडणार नाही.”

चिडून तर तो आलाच होता. आपली गोंडोला त्याने आमच्या गोदीच्या उतारावर अर्धी चढवून ठेवली होती आणि कमरेवर हात ठेवून माझ्या करवतीसमोर उभा होता. शनिवारी त्याच्या मुलीचं, ओर्नेल्लाचं, लग्न होतं. नवरीला घरापासून चर्चपर्यंत बाप स्वतः वल्हवत नेणार, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“कसला रंधा?”

“होडी उजवीकडे कलते. सारखी उजव्या भिंतीला जायला बघते. दोन महिन्यांपूर्वी तुझ्याकडे तळ घासायला दिली होती, तेव्हापासून.”

“दोन महिने झाले आणि आज सांगतोस?”

“लक्ष ठेवून होतो.”

तोदेरो आयुष्यभर लक्षच ठेवून होता. मासळीबाजारात तो माशाचे कल्ले उचलून बघायचा, वास घ्यायचा आणि मग कोळिणीला विचारायचा, यातला तू स्वतःच्या घरी कुठला नेशील? वाईनचा पेला उजेडात धरल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. पस्तीस वर्षांत त्याने एकाच माणसावर संशय घेतला नव्हता, तो मी. म्हणून मला ते झोंबलं. होड्या बांधणारी आमची ही तिसरी पिढी, आणि आमच्या हातची होडी बिघडली असं व्हेनिसमध्ये अजून कुणी म्हणालं नव्हतं. माझी बायको माझ्याबद्दल म्हणते, हा माणूस चूक कबूल करण्यापेक्षा पाण्यात उडी मारील. खोटं नाही.

आणि खरं सांगायचं तर संशय मलाही होताच. होडीच्या मागच्या फळीखाली ताजा काळा रंग दिसत होता. आमचा रंग इतका चकाकत नाही.

“पलीकडच्या बेटावर नेली होतीस ना? त्या जुदेक्कावाल्या मिस्त्रीकडे?”

“मी?”

“नाही, तुझी सासू. हा रंग कुणाचा?”

“ओरखडा होता. डबा आणून मीच लावला.”

“असं.”

“असं म्हणजे काय, अंझोलो?”

“असं म्हणजे असं.”

आमच्या होड्या मुळात वाकड्याच असतात. वल्हवणारा मागे डाव्या बाजूला उभा राहतो आणि एकच वल्हं उजवीकडे मारतो. त्या जोराने होडी डावीकडे वळू नये म्हणून डावी कूस चोवीस सेंटिमीटर जास्त रुंद ठेवायची. रिकामी असली की होडी उजवीकडे कललेली असते, माणूस चढला की सरळ होते. म्हणून बांधायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाला वजनकाट्यावर उभं करतो आणि आकडा छपराच्या तुळईवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. सगळी होडी त्या आकड्यावर बेतलेली असते.

होडी पुरी वर ओढली. दोघांनाही घाम फुटला. दोरी ताणली, ओळंबा सोडला, आजोबांच्या वेळची मापाची फळी लावली. तोदेरो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तिसऱ्या वेळी पट्टी त्याने स्वतः हातात घेतली, मग त्या पट्टीवर विश्वास बसेना म्हणून दुसरी मागितली. चोवीस. तळाचा बाक हवा तसा. केसभर फरक नव्हता.

“मग कलते कशी?”

“ते मला काय विचारतोस? ती बघ तुळई.” मी बोट वर केलं. “तोदेरो, चौऱ्याऐंशी किलो. त्या वजनाला बांधली, त्या वजनाला ती आजही...”

बोट खाली आणताना माझी नजर त्याच्यावर गेली. होडी ओढताना त्याने स्वेटर काढून ठेवला होता. हिवाळाभर तो त्या जाड लोकरीत असायचा, आणि मी माणसांपेक्षा होड्या बघतो, ही धंद्याची खोड. सदऱ्याची कॉलर आणि त्याची मान यांच्यामध्ये माझी मूठ गेली असती.

“काट्यावर उभा राहा.”

“आता मला मापणार?”

“होडी तीनदा मापली. तुला एकदाच मापतो.”

काटा सहासष्टवर थांबला. तोदेरो खाली उतरला, काटा बिघडलाय म्हणाला आणि मला वर चढायला लावलं. माझं वजन मला पाठ आहे. काटा बरोबर होता.

तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

“पट्ट्याला दोन भोकं वाढवली,” तो म्हणाला. “मला वाटलं, पट्टा विकणाऱ्या त्या चोराने चामडं सैल दिलं.”

“जेवतोस का?”

“जात नाही. परवा नोर्माने कांदा-व्हिनेगरातल्या मासळ्या केल्या होत्या, माझ्या आवडीच्या. दोन खाल्ल्या. ती म्हणते, बाहेर कुणीतरी खाऊ घालतेय. तीन आठवडे धड बोलत नाही. सदऱ्याचा वास घेते.”

त्याच्या बायकोच्या त्या संशयावर आम्ही दोघंही हसलो. ते हसू फार टिकलं नाही.

“दुखतं?”

त्याने बरगड्यांखाली हात ठेवला. “लग्न होऊ दे. सोमवारी डॉक्टरकडे जातो. आत्ता ओर्नेल्लाला कळलं तर ती सगळं पुढे ढकलील. मला ते नकोय. तिला एकदा नेऊ दे.”

“सोमवारी नक्की?”

“माझ्यावर संशय घेतोस?”

“हो.”

“घे.”

अठरा किलो शिसं लागलं. तो मागे उभा राहतो त्या फळीखाली, डाव्या अंगाला, मी एकेक लगड बसवली. त्याच्या अंगातून गेलेला माणूस मी शिशाने भरून काढत होतो आणि मला भयंकर वाईट वाटत होतं. होडी पाण्यात सोडली, तो चढला, आणि ती सरळ झाली.

शुक्रवारी दुपारी मी पुलाजवळच्या गुत्त्यात शिरलो, तर वल्हवणाऱ्यांचं टोळकं माझी वाटच बघत होतं.

“काय मिस्त्री, तळ चुकला म्हणे तुमचा?” एक जण म्हणाला. “तोदेरो सांगत होता, तुम्ही कबूल केलंत.”

माझं डोकंच फिरलं. तोदेरो कोपऱ्यात उभा होता. पेला त्याच्या हातात तसाच भरलेला होता आणि तो माझ्याकडे बघत होता, बोलू नकोस म्हणून. दोन महिने सगळ्यांनी त्याची होडी कलताना बघितली होती. काहीतरी कारण सांगणं त्याला भाग होतं. मी स्वतःसाठी एक पेला मागवला आणि गप्प बसलो. ती वाईन मला मुळीच गोड लागली नाही.

शनिवारी पुलावर उभं राहायला जागा नव्हती. जुदेक्कावालासुद्धा नवा कोट घालून आला होता. होडी वळणावरून आली ती कालव्याच्या मधोमध, सुतात. ओर्नेल्ला पांढऱ्या कपड्यांत, गुडघ्यांवर फुलं घेऊन बसली होती. मागे तोदेरो ताठ उभा होता, वल्हं संथ मारत होता. लोक टाळ्या वाजवायला लागले.

नोर्मा माझ्या शेजारी होती. तिने माझी बाही धरली.

“दोन महिने मी खिडकीतून बघत होते, अंझोलो. कलत होती. आता सरळ कशी झाली?”

“झाली दुरुस्त.”

“काय झालं होतं तिला? खरं सांग. तुम्ही दोघं काहीतरी लपवताय.”

आजूबाजूची बडबड थांबली होती. जुदेक्कावाल्याने मान इकडे वळवली.

“माझीच चूक,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “तळाला रंधा जास्त बसला. हात पूर्वीसारखा राहिला नाही.”

जुदेक्कावाला खुशीत हसला. नोर्मा हसली नाही. ती मला पस्तीस वर्षं ओळखते. “तू चुकलास?” ती हळूच म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझी बाही सोडून तिने दोन्ही हातांनी पुलाचा कठडा धरला. खालून तिची लेक हात हलवत होती, पण नोर्मा मागे उभ्या असलेल्या तोदेरोकडे बघत होती.